एइनोच्या नळीत शिसं धरत नाही

१

नीकाच्या रक्तातलं शिसं पुन्हा वाढलं होतं.

तपासणीचा कागद नोरा पेंगेलीने दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. दोष चष्म्याचा निघावा एवढीच तिची आशा होती, पण तो स्वच्छ निघाला. पोर अडीच वर्षांची. जूनमध्ये तिला स्पोकेनच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं तेव्हा आकडा निम्म्यावर उतरला होता. ती घरी परतली आणि ऑगस्ट सरायच्या आत आकडा होता तिथून वर गेला. म्हणजे शिसं घरातच होतं. कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पोर ते रोज पोटात घेत होती.

केलर्स गल्चमध्ये शिशाचं कुणाला नवल नाही. आयडाहोच्या त्या खोऱ्यात लोक पणजोबांपासून डोंगर पोखरून शिसंच काढत आले. नोरा स्वतः शाळेत असताना रांगेत उभी राहून रक्त देऊन आली होती आणि बदल्यात एक लाल लॉलीपॉप मिळालं म्हणून खूश झाली होती. पुढे शिसं गाळायची भट्टी बंद पडली. सरकारने अंगणांतली माती खरवडून नेली, नवी आणून पसरली. माणसं तेवढी जुनीच ठेवली.

"सोमवारपर्यंत कारण सापडलं तर बघू," बालकल्याण खात्याच्या मिसेस हॉलब्रुक फोनवर म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "नाहीतर मुलीला दुसऱ्या घरी ठेवावं लागेल."

"किती दिवस?"

"ते मी आत्ता कसं सांगू?"

नोराने फोन ठेवला. सगळ्या तालुक्याला ती एकटीच आरोग्यसेविका. 'दुसऱ्या घरी' गेलेली दोन मुलं तिने पाहिली होती. त्यातला एक अजून नाताळला कार्ड पाठवतो. आईला नाही, नोराला.

तिने खात्याचं तपासयंत्र पिशवीत टाकलं. दिसायला ते पिस्तुलासारखं. वस्तूवर टेकवून घोडा दाबला की तिच्यात शिसं किती ते पडद्यावर उमटे. गाडी चालू करताना तिच्या मनात एकच नाव होतं, आणि ते खरं ठरू नये म्हणून ती मनातल्या मनात इतरांची नावं गोळा करत होती.

२

"आलीस? ये. आता काय खरवडायचंय?" नीकाच्या आईने, जोलीनने, दार उघडलं. ती मोटेलमध्ये चादरी बदलायचं काम करायची आणि तिच्या अंगाला कायम धुलाईच्या पावडरीचा वास यायचा. "भिंती झाल्या, नळ झाले, खिडक्या झाल्या. एकदा मलाच खरवड. निघालं तर निघालं."

"कॉफी दे आधी. मग खरवडते."

जोलीन हसली नाही, पण कॉफी ओतली.

खिडकीशी तिचा सासरा बसला होता. एइनो लांपिनन. आधी खाणीत, मग भट्टीवर आयुष्य काढलेला, खांदे अजून दरवाजाएवढे. मांडीवर नीका. चेपलेल्या छोट्या पातेल्यातून तो तिला सफरचंदाचा गर भरवत होता. जोलीन कामावर गेली की पोरीचं सगळं तोच बघायचा. गर रोज ताजा शिजवायचा, दालचिनी घालून.

"उक्की," नीका म्हणाली. फिनलंडहून खाणीत आलेल्या घरांत आजोबाला अजून उक्कीच म्हणतात.

"अजून एक घास, मग उक्की घोडा होतो," एइनो म्हणाला, मग नोराला, "पोरी, किती आलं?"

नोराने आकडा सांगितला. म्हाताऱ्याचा चमचा हवेतच थांबला. नीकाने मान पुढे करून तो तोंडात घेतला.

नोराने यंत्र सगळीकडे फिरवलं. पाळणा, खेळणी, सतरंजी, पातेली, चमचे. भरवायचं चेपकं पातेलंसुद्धा विसळून टेकवलं. दोष कशातच नव्हता.

जोलीन ते पातेलं घासायला उभी राहिली. गर तळाला करपला होता. "एइनो, गॅस बारीक ठेवा म्हणून किती वेळा सांगू? आणि ही घासणी बघ." तिने तांब्याच्या तारेची घासणी नोरापुढे नाचवली. "हल्लीच्या मालात दम नाही. आठवड्यात उकलून दोरी होते. आईकडे एक घासणी वर्ष वर्ष टिकायची."

"सगळ्याच मालाचं तसं झालंय," नोरा म्हणाली. "माझ्याकडे बघ."

एइनोने पोरीला खाली ठेवलं आणि तो मागच्या दाराने शेडकडे गेला.

तो गेलेला पाहून जोलीनने आवाज उतरवला. "शेडच आहे, नोरा. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हातारा तिथे शिसं वितळवतो, बंदुकीच्या गोळ्या ओततो, आणि मग येऊन माझ्या पोरीला मांडीवर घेतो. तुझ्या बापाचा दोस्त म्हणून तू बोलत नाहीस. ते लोक सोमवारी माझी पोर नेतील, तेव्हा तरी बोलशील का?"

३

नोरा आठ वर्षांची असताना एइनोनेच तिला पहिली गोळी ओतायला शिकवली होती. डाव्याने साचा, उजव्याने पळी. बापाला वेळ नसायचा. एइनोला कसा कोण जाणे, असायचा.

शेडचा उंबरा म्हणजे देवळाचा उंबरा होता. बाहेर बूट काढायचे. आत गेलं की डगला बदलायचा. निघताना कोपरापर्यंत हात धुवायचे, नखांना ब्रश लावून. धूर ओढायला मोठा पंखा.

"लाव तुझं यंत्र," एइनो म्हणाला. "मला राग नाही."

आत अर्थातच शिसं होतं. पण उंबऱ्याबाहेर? पायवाटेवर, घरातल्या चपलांवर, दाराच्या मुठीवर, त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर तिने यंत्र टेकवलं. कुठेच नाही. शेवटी त्याने दोन्ही तळवे लहान मुलासारखे पुढे केले. तेही कोरे.

नोराला हायसं वाटलं, आणि लगेच वाटू नये असंही वाटलं. इथे नाही तर मग कुठे?

भिंतीवर त्याच्या बापाची एकबारी रायफल टांगलेली होती. सप्टेंबरात घरी ओतलेल्या गोळ्यांनी नेम मारायची शर्यत असते. ती एइनो इतकी वर्षं जिंकत आला होता की मंडळी दुसऱ्या नंबरासाठीच भांडत.

"आठवतं का?" त्याने विषय बदलला. "बंदुकीच्या नळीत शिसं का धरतं, का चिकटून बसतं?"

"गोळी बारीक असली की मागून जाळ घुसतो, गोळी वितळते," नोरा पाढे म्हटल्यासारखं म्हणाली. "तेव्हा शिसं बुडाशी धरतं. आणि गोळीच्या खोबणीतलं मेण हलकं असलं की ते वाटेतच संपतं. मग पुढची नळी कोरडी, आणि शिसं तोंडाशी धरतं."

"आणि धरू नये म्हणून?"

"नळी मोजा, गोळी तिच्याहून केसभर जाड ठेवा. शिसं फार कडक नको, फार मऊ नको. मेण मधमाशीचं, त्यात मेंढीची चरबी."

"शाबास. आणि एइनोच्या नळीत?"

"एइनोच्या नळीत शिसं धरत नाही." हे वाक्य नेमबाजांचा सगळा क्लब म्हणायचा, पेला उचलताना.

म्हातारा हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. फळीवरच्या मेणाच्या तुकड्यावरून त्याने अंगठा फिरवला. त्याचा भुगा पडला. "हल्ली मेणही ठिसूळ येतं. मधमाशाही माझ्यासारख्याच म्हाताऱ्या झाल्या असतील."

नोरा निघाली. उंबऱ्यापाशी बूट चढवताना तिला कळलं, की सगळ्यांनी ज्याला दोषी ठरवलं होतं त्याला तिने स्वतःच्या हाताने सोडवलं होतं, आणि आता तिला दुसरं कुणी शोधायला हवं होतं.

४

दुसरं एक नाव होतं. नीकाचा बाप.

वेस लांपिनन गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. त्यात डाक लावायला शिसंच लागतं. कामाचे कपडे तसेच घालून घरी आला, पोरीला उचललं, की संपलं. नोरा दुकानात पोचली तेव्हा त्याच्या जागी भलताच माणूस डाक लावत होता.

"वेस? तो जुलैतच नेवाडाला गेला, सोन्याच्या खाणीत. जोलीन बोलली नाही?"

जोलीन बोलली नव्हती. नोराने तिथूनच नेवाडाला फोन लावला.

"येणार आहेस का परत?" तिने विचारलं.

पलीकडे बराच वेळ कुणीतरी बिलियर्ड खेळत असल्याचा आवाज येत होता. "नीका कशी आहे?" वेस म्हणाला.

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे का?"

"हो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

पोरीचा आकडा वाढला तो ऑगस्टात, आणि ऑगस्टभर बाप पार नेवाडात होता. वेस बापपणातून सुटला होता तसाच या गुन्ह्यातूनही सुटला.

५

आता उरली शेजारीण. ग्लॅडिस पेड्रेट्टी, नवरा खाणीत दगावलेली, सत्तरीची. तिच्या कोंबड्यांची अंडी नीका खायची, आणि तिच्या परसातली माती बदलायची राहून गेली होती. नोराला ही गोष्ट पटत होती. खरं सांगायचं तर तिला ती पटायला हवी होती, कारण कोंबड्यांना कुणी दुसऱ्या घरी पाठवत नाही, आणि पाठवलं तरी त्या कार्ड लिहीत नाहीत.

"घे, हवी तेवढी फोड," ग्लॅडिसने अंड्यांची टोपलीच पुढे सरकवली. "नाहीतरी एवढी कोण खातंय?"

अंडी स्वच्छ निघाली. कोंबड्यासुद्धा.

नोरा परसातल्या बाकावर टेकली. ऊन होतं. कुंपणाशी पिवळी रानफुलं मातली होती. पलीकडे ग्लॅडिसच्या मधाच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, पांढऱ्या, नीटनेटक्या. दुपार इतकी शांत होती की नोराला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"माशा कशा आहेत?"

"मजेत!" ग्लॅडिस चटकन म्हणाली आणि उठली. "थांब, एइनोसाठी मेणाची वडी दे नेऊन. शर्यत जवळ आली. माझा नवरा गेला तेव्हा सगळे चार दिवस डबे घेऊन आले नि गेले. एइनो मात्र दर हिवाळ्याला माझं लाकूड फोडतो. मी त्याला मेण देते. तेवढंच आमचं देणंघेणं. माझ्या मेणाशिवाय त्याची बंदूक उडत नाही म्हणतो, लबाड!" आणि ती विशीतल्या मुलीसारखी लाजली.

पिवळी वडी कागदात गुंडाळून नोराने पिशवीत टाकली.

जाता जाता ती डेल ट्रेलोरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली. डेल क्लबचा चिटणीस आणि गावाचं वर्तमानपत्र.

"नोरा! बंदूक घ्यायला आलीस की नवरा?"

"दोन्हीत तुझ्याकडे जुनाच माल आहे. डेल, लांपिननांच्या घरी हल्ली काय काय गेलं? रंग, पाइप, डाक?"

"जोलीन घासण्या नेते. एवढ्या घासण्या की मोटेलात भांडी घासते की काय. बाकी काही नाही."

"आणि एइनो?"

"एइनो आणि घासणी?" डेल गल्ल्यावर वाकून हसला. "अगं, तांब्याची घासणी मर्द माणूस कशाला घेतो? ब्रशाला गुंडाळून नळीतलं शिसं खरवडायला. गेल्या वर्षी मी एक घेतली, तर क्लबात महिनाभर मला 'भांडीवाली' म्हणत होते. एइनो इथे घासणी मागायला आला, तर मी चर्चची घंटा वाजवीन."

"म्हणजे यंदाही तोच जिंकणार."

डेलचं हसू जरा मावळलं. "कुणास ठाऊक. डोळे गेले बिचाऱ्याचे. वसंतापासून नेम राहिला नाही. परवा तर त्याच्या गोळ्या कागदावर आडव्या लागल्या. भोक गोल नाही, लांबट. आम्ही कुणी बोललो नाही." मग त्याला बोलल्याशिवाय राहवेना म्हणून विषय बदलला. "बाकी गिऱ्हाईक विचित्रच. ग्लॅडिसने वसंतात मुरंब्याच्या बरण्या बंद करायला वर ओतायचं मेण खोक्यांनी नेलं. आणि यंदा डोंगरात हकलबेरीची फळं तर औषधालाही नाहीत. मुरंबा घालतेय कशाचा, दगडांचा?"

नोरा दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

डोळे गेले तर गोळी चुकते. आडवी होत नाही. गोळी आडवी होते ती तिला फिरवणारे नळीतले आटे शिशाने बुजले की.

एइनोच्या नळीत शिसं धरत होतं. आणि तरी एइनोने घासणी घेतली नव्हती.

६

जोलीन कामावर होती. नीका जमिनीवर डबे रचत होती. मोरीच्या नळावर घासणी अडकवलेली, ओली, लांब ओढल्यासारखी उकललेली.

नोराने भिंती तपासल्या होत्या, भांडी तपासली होती. भांडी स्वच्छ करणारी वस्तू कोण तपासतं? तिने यंत्र टेकवलं आणि घोडा दाबला.

पडद्यावरचा आकडा चढत गेला. थांबेल म्हणून ती वाट बघत राहिली.

मागे एइनो उभा होता. त्याने पडदा पाहिला, मग घासणी, मग जमिनीवरची पोर. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. भट्टीवरचा माणूस.

"मी धुवायचो," तो म्हणाला. "कढत पाण्याने. साबण लावून. दोनदा."

"तारांच्या पोटात अडकतं ते, एइनो. बारीक चुरा. मग त्यानेच पातेलं घासलं, की तळाशी राहतो. आणि वर तुम्ही सफरचंद शिजवता. आंबट. ते शिसं ओढून घेतं." पातेलं ती तपासायची तेव्हा विसळलेलं असायचं, चुरा गरातून पोरीच्या पोटात गेलेला असायचा.

म्हातारा खुर्चीवर बसला. नीका येऊन त्याच्या गुडघ्याला बिलगली. त्याने हात उचलले आणि तिला लागू नयेत असे हवेतच धरून ठेवले.

"नवी का नाही घेतलीत?"

"डेलकडून?" तो म्हणाला.

तेवढ्या एका शब्दात सगळं होतं. जोलीन गेली की तो घासणी उकलून गजाच्या ब्रशाला गुंडाळायचा, नळी खरवडायचा, आणि ती यायच्या आत पुन्हा नळावर अडकवायचा. दुकानातली एक घासणी, आणि संध्याकाळपर्यंत खोऱ्यात बोभाटा झाला असता. ते नको म्हणून.

"क्लबात सांगू नकोस, पोरी," एइनो म्हणाला. मग स्वतःचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं. त्याने डोळे मिटले. "देवा," तो म्हणाला. "मी काय बोलतोय."

नोराने नीकाला उचललं, बाहेरच्या खोलीत खेळण्यांपाशी ठेवलं आणि परत आली. तिला अजून एक गोष्ट कळायची होती. न विचारता निघून गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे बऱ्याचदा वाटलं.

"शिसं कुठे धरायचं? बुडाशी की तोंडाशी?"

"तोंडाशी. शेवटचं वीतभर."

"म्हणजे मेण."

"मेण नाही. मेण ग्लॅडिसचं. माझंच काहीतरी चुकतंय. चरबी कमी पडते, हात थरथरतात... वसंतापासून शंभर वेळा मोजलं मी. माझे हात गेले, नोरा."

नोराने पिशवीतली वडी काढली. नखाने ओरखडली. भुगा पडला. तिने ती नाकाशी नेली. मग म्हाताऱ्याच्या नाकाशी धरली.

"मला कसला वास येतोय? नाक तर भट्टीनेच जाळलं."

"मला येतो. आणि याला कसलाच नाही. ना मधाचा, ना फुलांचा. हे मुरंब्यावर ओतायचं मेण आहे. रंगीत मेणखडू घालून पिवळं केलेलं. ग्लॅडिसच्या कुंपणाशी एवढी फुलं आहेत, आणि त्यांच्यावर एक माशी नव्हती. पेट्या रिकाम्या आहेत."

एइनोने वडीवर अंगठा घासला. पुन्हा भुगा पडला.

"माशा मेल्या?"

"थंडीतच असाव्यात."

"आणि बोलली नाही."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

बाहेरच्या खोलीत डब्यांचा मनोरा कोसळला आणि नीका हसली. ते हसू ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा जो झाला, तो नोराने पाहिला नाही. ती मुद्दामच खिडकीबाहेर बघत होती.

"तिला सांगू नकोस," एइनो शेवटी म्हणाला. "ग्लॅडिसला. तिच्याकडे तेवढंच होतं द्यायला. तिला कळलं की त्यातून काय झालं, तर ती..." त्याने वडी पुन्हा कागदात गुंडाळली. "माझे हात गेले म्हणून सांग. माझ्या नळीत शिसं धरलं म्हणून सांग. डेललाही सांग. क्लबातही सांग. चर्चची घंटा वाजवा म्हणावं."

७

सोमवारी मिसेस हॉलब्रुक आल्या. त्यांनी घासणी पिशवीत बंद केली, पातेलं नेलं, आणि मुलगी आईकडेच राहील असं सांगितलं. एकच अट, घरात गोळ्या ओतणारं माणूस नको. ती अट सांगायला त्या इकडेतिकडे बघू लागल्या तेव्हा जोलीन म्हणाली, "तो शनिवारीच गेला."

डोंगरापलीकडे मोंटानात त्याची विधवा बहीण होती, तिच्याकडे. साचे त्याने क्लबाच्या दारात ठेवले होते. रायफल भिंतीवरच राहिली. जोलीन त्याला निरोप द्यायला दारात आली नव्हती. तिचा सगळा राग म्हाताऱ्यावर होता असं लोक म्हणत. नोराला तेवढं सोपं वाटत नव्हतं. एकदा भांडी घासता घासता जोलीन थांबली होती आणि पाठमोरीच म्हणाली होती, "घासत तर मीच होते ना गं."

पहिला बर्फ पडला तोवर आकडा उतरला. पुढच्या वेळी आणखी उतरला. नोराने कागद दाखवला तेव्हा जोलीनने तो फ्रिजवर चिकटवला. पण वसंतात नीका तीन तीन शब्द जोडून बोलायची, ती आता एकसुद्धा धड बोलत नव्हती. आधी उक्की तरी म्हणायची. तेही म्हणेनाशी झाली. स्पोकेनचा डॉक्टर म्हणाला, रक्तातलं शिसं जातं, पण त्याने जे नेलं ते परत येईलच असं नाही. वाट बघा. वाट बघण्यात या खोऱ्याचा हात कुणी धरणार नाही.

शर्यत डेलने जिंकली. पेला उचलताना जुनं वाक्य कुणाच्या तरी तोंडून निसटलं, आणि सगळ्यांनी पेले न पिताच खाली ठेवले.

डिसेंबरात ग्लॅडिसच्या पायाला पट्टी बांधायला नोरा गेली. बाहेर लाकूड न फोडता तसंच रचलेलं होतं, बर्फाखाली.

"एइनो असा न सांगता कसा गेला गं?" ग्लॅडिसने विचारलं. तिची नजर नोराच्या हातांवर होती, चेहऱ्यावर नाही. "त्याच्या नळीत शिसं धरलं म्हणतात. खरं का?"

"खरं. हात थकले त्याचे."

"मेणात तर काही..." ती थांबली. पायाची बोटं तिने आवळून घेतली. "माझं मेण तर चांगलं होतं ना?"

नोराने पट्टीचं शेवटचं टोक नीट आत खोचलं. खोऱ्यातल्या सगळ्यांनी जे केलं होतं ते करणं किती सोपं असतं ते तिला त्या क्षणी कळलं. वाईटपणा नव्हे, नुसती भीड.

"मेण चांगलं होतं, ग्लॅडिस."

म्हातारीने सुटकेचा श्वास टाकला, लंगडत कपाटापर्यंत गेली आणि कागदात गुंडाळलेली एक वडी घेऊन आली.

"मग ही त्याला पाठव," ती म्हणाली. "तिकडे त्याला कुठलं चांगलं मेण मिळणार?"

नोराने ती घेतली.